सहा भंगार चेन सॉ, तीन चालू मशिनं: कराडच्या एका गॅरेजमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

जुलै 2021 च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. त्यानंतर तालुक्यातल्या बऱ्याच डोंगरी गावांनी आपलं आपण काय करता येईल याचा विचार सुरू केला. दरड उपसायला जेसीबीच लागतो, पण रस्त्यावर आडवी पडलेली निलगिरी किंवा सिल्व्हर ओक बाजूला करायला एक चालू चेन सॉ (पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत) आणि ती नीट धरणारी दोन माणसं पुरतात. झाड पडलं की खालून मदत वर येईपर्यंत गाव तुटलेलं राहतं आणि त्या वेळात एखादी बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस अडकू शकतो.

अशाच एका गावातल्या तरुण मंडळाने पावसाळ्याआधी सहा निकामी चेन सॉ गोळा करून कराडमधल्या एका छोट्या गॅरेजमध्ये आणल्या. चार भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने घेतल्या होत्या, एक झाडतोडीच्या ठेकेदाराने टाकून दिलेली होती आणि एक सांगलीच्या महापुरात पाण्याखाली गेलेली होती. मागणी साधी होती: सहातून निदान तीन चालू करून द्या, जूनच्या आत. गावाचं, गॅरेजचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही.

काय हाती आलं

मशिनांवर ऑइल पेंटने 1 ते 6 नंबर टाकले. यातली 1, 2, 3 आणि 5 ही बाजारात ‘58 सीसी’ म्हणून विकली जाणारी, वेगवेगळ्या स्टिकरची पण आतून एकाच साच्यातली मशिनं. 4 नंबर त्याच घराण्यातलं ‘52’. 6 नंबर लहान, 32 सीसीच्या वर्गातलं.

कुठलंही मशीन खोलण्याआधी सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून (धूर बाहेर पडायच्या भोकातून) टॉर्चने पिस्टन बघायचा, हा क्रम गॅरेजने पाळला आणि तो बरोबर होता. दोन-तीन बोल्टांच्या कामात निम्मं निदान होतं. पिस्टन फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडला असेल तर बहुधा मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालेलं असतं किंवा इंजिन तापलेलं असतं. इनटेकच्या, म्हणजे मिश्रण आत येण्याच्या बाजूला मॅट, घासल्यासारखी झीज असेल तर एअर फिल्टरमधून धूळ गेलेली असते. सगळीकडून सारखाच ओरबाडला असेल तर कोणीतरी ऑइल न घालता नुसतं पेट्रोल भरलेलं असतं (या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं).

1 नंबरचा पिस्टन चिकटलेला होता, एक्झॉस्टच्या बाजूला खोल चरे. 2 नंबर दोरी ओढल्यावर फिरत होतं, पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) 95 पीएसआय. या इंजिनाला 140–150 हवं, 110 च्या खाली गरम झाल्यावर पुन्हा सुरू होत नाही. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची: गाड्यांचं लांब नळीचं कॉम्प्रेशन गेज एवढ्या छोट्या इंजिनावर कमी आकडा दाखवतं. ज्याचा व्हॉल्व्ह स्पार्क प्लगच्या भोकात बसणाऱ्या टोकालाच असतो, तसलंच गेज वापरायला हवं. 3 नंबरला एअर फिल्टरच नव्हता आणि इनटेकच्या बाजूचा पिस्टन वाळूने घासून पातळ झालेला. 4 नंबरचं क्रँककेस (आतला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, ज्यात बसतो ते कवच) बारच्या, म्हणजे जिच्यावरून चेन फिरते त्या पट्टीच्या, बोल्टापाशी तडकलेलं, सिलिंडर मात्र चांगला. 5 नंबर पुरातलं. 6 नंबरला इंजिनाचा काहीच दोष नव्हता. कार्बोरेटर आणि नळ्या मेल्या होत्या.

पर्याय

मंडळासमोर तीन वाटा होत्या. तशाच बनावटीचं एक नवीन मशीन साधारण 7–8 हजारांत मिळत होतं. जमवलेल्या पैशांत एकच आलं असतं आणि ते एक बंद पडलं की पुन्हा शून्य. दुसरी वाट म्हणजे नामांकित कंपनीचं जुनं पण चालू मशीन शोधणं. ते भरवशाचं, पण त्याचे पार्ट गावात तर सोडाच, कराडातही मागवून घ्यावे लागतात. तिसरी वाट सहातून तीन उभी करण्याची. गॅरेजचा कल तिसऱ्या वाटेकडे होता, कारण सहापैकी पाच मशिनं एकाच घराण्यातली होती. कॉइल, स्टार्टर, हँडल, टाकी, क्लच एकमेकांना चालतात. हा योग नसता, सहा मशिनं सहा कंपन्यांची असती, तर नवीन घेणंच शहाणपणाचं ठरलं असतं.

पहिला निर्णय: कोणती सोडायची

5 नंबर सोडायला मंडळ तयार नव्हतं, कारण ते दिसायला सगळ्यात नवं होतं. गॅरेजने क्लचच्या बाजूने क्रँक हाताने फिरवून दाखवला. बेअरिंग खरखरत होतं, क्रँककेसच्या आत पांढरी पूड धरली होती आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला वरखाली चाल लागत होती. या मशिनांत रॉड आणि क्रँक दाबून बसवलेले असतात. रॉडचं बेअरिंग गेलं की पूर्ण क्रँकच बदलायचा, म्हणजे अर्ध्या मशीनचा खर्च. (रॉड थोडा डावी-उजवीकडे सरकतो, तो दोष नव्हे. वरखाली चाल लागली तरच रॉड गेला.) 5 नंबरचा स्टार्टर, सायलेन्सर, हँडल आणि तपासून चालू निघालेली कॉइल काढून घेतली.

4 नंबरचं तडकलेलं केस वेल्डिंग करून घेऊ, असा आग्रह झाला. तो नाकारला. तडा बारच्या बोल्टापाशी होता, जिथे चेनचा सगळा ओढा येतो, आणि ऑइलची टाकीही त्याच भिंतीत आहे. 3 नंबरच्या क्रँकमध्ये वाळू गेलेली, तेव्हा तेही सुट्या भागांत. उरली 1, 2 आणि 6.

1 नंबर: दोनदा उघडावं लागलेलं मशीन

या प्रकरणातला सगळ्यात महाग धडा याच मशीनने दिला.

क्लच काढायला प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडून पिस्टन अडवला. पिस्टन एक्झॉस्ट पोर्टच्या वर गेल्यावरच दोरी सोडायची, नाहीतर ती पोर्टच्या कडेत अडकून कापली जाते. क्लचला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्याने भंगारात येणाऱ्या कित्येक मशिनांचे क्लच छिन्नीने ठोकलेले दिसतात. यातल्या दोनांचे तसेच होते.

सिलिंडरच्या आत पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं होतं. ते काढायला पाण्यात कॉस्टिक सोडा विरघळवून कान कोरायच्या कापसाच्या काडीने फक्त डागावर लावायचा. बुडबुडे आले की ॲल्युमिनियम विरघळतंय. पुसायचं, पुन्हा लावायचं, शेवटी भरपूर पाण्याने धुऊन ऑइल लावायचं. चष्मा, रबरी हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. बरेच जण संडास धुवायचं ॲसिड वापरतात. क्रोमचा थर असलेल्या सिलिंडरला ते खातं. कॉस्टिक सोडा क्रोम आणि निकेलच्या थराला लागत नाही, पण पोर्टच्या उघड्या कडा ॲल्युमिनियमच्या असतात, तिथे ओघळ जाऊ द्यायचा नाही. डाग निघाल्यावर 1 नंबरच्या पोर्टवरचा थरच सोललेला दिसला, नख अडकत होतं. असा सिलिंडर वाचत नाही. नवीन 45.2 मिमीचा सिलिंडर-पिस्टन संच मागवला.

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगांची तोंडं खाचेतल्या खुंट्यांवर, गजन पिनचे (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचे) सर्कलिप, म्हणजे ती पिन अडवणाऱ्या तारेच्या कड्या, नवे आणि त्यांचं तोंड वर किंवा खाली, आडवं नाही. जुना सर्कलिप परत बसवला आणि तो उडाला तर नवा सिलिंडर पाच सेकंदात गेला.

बसवल्यावर हवेची चाचणी घेतली. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि डायल यासाठी उत्तम चालतात. डायलवरचे 300 मिमी (पाऱ्याचे) म्हणजे सुमारे 0.4 बार दाब, या कामाला पुरेसं. सायलेन्सरखाली सायकलच्या ट्यूबचं रबर दाबून एक्झॉस्ट बंद केला, तसंच रबर लावून इनटेकचं तोंड बंद केलं, पिस्टन तळाला आणला आणि पोकळ केलेल्या जुन्या प्लगमधून हवा भरली. काटा मिनिटभर हलला नाही. मशीन पास झालं.

सुरू झालं, जोरातही चाललं. पण पहिल्या टाकीच्या शेवटी एक खूण दिसली: रेस सोडली तरी आवाज लगेच उतरत नव्हता, दोन-तीन सेकंद वर लटकत होता. मेकॅनिकने कार्बोरेटरचा एल स्क्रू (कमी वेगाला पेट्रोल किती यावं ते ठरवणारा) थोडा उघडून ते ठीक केलं. दुसऱ्या टाकीत, जाड बाभळीच्या बुंध्यात, पिस्टन पुन्हा चिकटला. चरे जुन्याच जागी.

कारण इनटेकच्या रबरी मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटर आणि सिलिंडर जोडणाऱ्या नळीत) होतं. कार्बोरेटरच्या कडेला लागून केसाएवढी चीर, वाकवल्यावरच दिसणारी. मग चाचणी पास कशी झाली? या इंजिनात इनटेक पोर्ट पिस्टनच्या कडेनेच उघडतो आणि बंद होतो. पिस्टन तळाला असताना त्याची कड इनटेकवर आडवी येते. प्लगमधून भरलेली हवा मॅनिफोल्डपर्यंत धड पोचतच नाही. चाचणी झाली ती सिलिंडरच्या पॅकिंगची आणि क्रँकच्या सीलांची. दोषी भाग चाचणीच्या बाहेर राहिला.

दुसऱ्या वेळी हवा कार्बोरेटरच्या जागेवरून भरली. कार्बोरेटरच्या आकाराची पत्र्याची पट्टी, तिला नळी, तीच पट्टी मॅनिफोल्डवर बोल्टने आवळलेली. पिस्टन वर आणला की इनटेक क्रँककेसला उघडतो आणि मॅनिफोल्ड, पॅकिंग, दोन्ही सील एकदम तपासले जातात. जुना मॅनिफोल्ड लावून बघितलं तर काटा दहा सेकंदात खाली बसला आणि साबणाच्या पाण्यात चिरेवर बुडबुडे आले. 4 नंबरचा मॅनिफोल्डही कडक झालेला निघाला, म्हणून नवीनच घेतला. किंमत 120 रुपये. तो न तपासल्याने 950 रुपयांचा संच गेला होता.

दाबाबरोबर ओढीची चाचणीही लागते. सीलची कड आतून दाब आला की घट्ट बसते आणि आत ओढ लागली की सुटते, असं होतं. त्याच नळीला 60 मिलीची सिरिंज लावून दट्ट्या ओढायचा, थोडा वेळ धरायचा आणि सोडायचा. तो परत पूर्ण आत गेला तर ठीक. बाहेरच राहिला तर कुठूनतरी हवा आत आली. 1 नंबरचं मॅग्नेटच्या बाजूचं सील या चाचणीत नापास झालं, तेही बदललं.

इथला खरा निर्णयाचा क्षण एल स्क्रू फिरवण्याचा होता. रेस लटकणं ही हवा ओढत असल्याची सगळ्यात ओळखीची खूण आहे. स्क्रूने ती लपते, दोष तिथेच राहतो. नवीन संच बसवलेल्या मशीनवर अशी खूण दिसली तर त्याच क्षणी मशीन बंद करून कार्बोरेटर काढायला हवा.

2 नंबर: अर्ध्या सीसीचा घोळ

याचा सिलिंडर सोड्याने साफ झाल्यावर शाबूत निघाला, थर पूर्ण. 400 नंबरच्या पॉलिश पेपरने ऑइल लावून हलके तिरपे हात मारले. फक्त पिस्टन आणि रिंगा हव्या होत्या. दुकानदाराने “52-58 दोन्हीला चालतो” म्हणून एक पिस्टन दिला.

नावात 6 सीसीचा फरक असला तरी या दोन मशिनांच्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या व्यासात) फरक फक्त 0.2 मिमीचा आहे: 52 ला 45 मिमी, 58 ला 45.2. तेवढ्या बोअरने अर्धा सीसीही वाढत नाही. त्यामुळे पिस्टन आत जातो, फिरतो, मशीन सुरूही होतं. पण रिंगच्या तोंडातली फट 0.6 मिमीपेक्षा जास्त वाढते आणि पिस्टन आपटत चालतो. मेकॅनिकने नुसती रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने सरळ खाली ढकलली आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावलं: 0.9 मिमी. बरोबर मापाची रिंग आणल्यावर 0.25. पिस्टन परत केला. जुळणीनंतर कॉम्प्रेशन 145. ही पाच मिनिटांची तपासणी प्रत्येक वेळी करावी, डब्यावर काहीही छापलेलं असो.

इथेही मॅनिफोल्ड नवीन टाकला, 1 नंबरचा अनुभव ताजा होता. कॉइल आणि मॅग्नेटमधलं अंतर 0.3 मिमी ठेवलं.

6 नंबर आणि पेट्रोलचा प्रश्न

लहान मशीन सगळ्यात स्वस्तात सुटलं. टाकीतली नळी बोटांनी चुरगळली तर तुकडे पडत होते, कार्बोरेटरमधला डायफ्राम (लवचीक पडदा) कडक झाला होता. नळी, फिल्टर, डायफ्राम संच, प्लग. कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू हलके बसवून एकेक फेरा उघडले आणि तिथून जुळवणी केली.

पण कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण ते सगळ्या मशिनांना लागू आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना इथेनॉल नवं नाही. जुन्या रबराला ते मानवत नाही, हा एक भाग. दुसरा भाग जास्त घातक आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाटणच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नाही. ठराविक मर्यादेपुढे पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसतात, पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल वर राहतं. टाकीतला फिल्टर वजनाने तळाशी पडलेला असतो. म्हणजे इंजिनाला आधी मिळतो तो बिनऑइलचा थर. “ऑइल तर घातलं होतं, तरी पिस्टन कसा धरला?” या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

म्हणून मंडळाला नियम लिहून दिले: मिश्रण लागेल तेवढंच आणि ताजं करायचं, दोन आठवड्यांपुढे वापरायचं नाही. प्रमाण लिटरला 40 मिली टू-टी ऑइल, म्हणजे खोकल्याच्या औषधाची 10 मिलीची चार टोपणं. अंदाजाने ओतायचं नाही, गाडीचं काढलेलं काळं ऑइल तर अजिबात नाही. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं.

चेन ब्रेकवरून झालेला वाद

चाचणीच्या वेळी 2 नंबरचा चेन ब्रेक मधेच लागत होता. मंडळातला एक जण म्हणाला, “दादा, तो ब्रेक काढूनच टाका. पावसात कोण खटखट करत बसणार?” गॅरेजने नकार दिला आणि गरज पडली तर मशीन देणार नाही, असंही सांगितलं. ही भूमिका योग्यच होती. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन तोंडाकडे उसळतं. त्या क्षणी हात पुढच्या पट्टीला लागून ब्रेक बसतो, दुसरं काहीही वाचवत नाही. रस्त्यावर पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणात असतात, माणसं घसरत्या चिखलात उभी असतात. तिथे ही शक्यता जास्तच. दोष शेवटी झिजलेल्या खटक्यात निघाला. 5 नंबरचा खटका आणि स्प्रिंग लावल्यावर ब्रेक नीट चालू लागला. तुटलेली चेन अडवणारी खुंटी तीनपैकी दोन मशिनांना नव्हतीच, त्याही बसवल्या.

फळ आणि हिशोब

भंगार खरेदी 1,600, पार्ट 6,200 (त्यात तीन नव्या चेन, एक बार आणि वाया गेलेला संच), मजुरी 3,000. एकूण 10,800 रुपयांत तीन मशिनं. मजुरी लागलेल्या वेळाच्या मानाने कमी धरलेली आहे. पूर्ण मजुरी लावली असती तर नव्या मशीनशी तुलना इतकी सोपी राहिली नसती, हे दुसऱ्या कोणी असा बेत करताना लक्षात घ्यावं.

पावसाळ्यात तिन्ही मशिनं रस्त्यावरच्या झाडांसाठी वापरली गेली. इंजिनाची तक्रार आली नाही. तक्रार आली ती कापत नसल्याची. चिखलात लोळलेल्या बुंध्यावर चेन दोन मिनिटांत बोथट होते आणि मग माणूस मशीनवर भार देतो. मोठ्या दोन मशिनांना 4.8 मिमीची गोल कानस, 30 अंशांचा कोन, प्रत्येक दाताला सारखे हात. दर तीन-चार वेळा धार लावल्यावर दातापुढचा उंचवटा पट्टी लावून 0.65 मिमी खाली आहे का ते बघायचं. लहान मशीनची कानस वेगळी, 4 मिमीची. हे दाखवायला मंडळातल्या दोघांना एक दुपार गॅरेजमध्ये बसवलं, पण ते मशिनं दिल्यानंतर.

पुन्हा करायचं झालं तर

धार लावणं मशीन हातात देण्याआधी शिकवायला हवं होतं. बोथट चेनवर दाब देऊन चालवलेलं इंजिन तापतं आणि नव्या पिस्टनच्या पहिल्या काही टाक्यांत ते सगळ्यात वाईट.

हवेची चाचणी पार्ट मागवण्याच्या आधी, आलेल्या अवस्थेतच घ्यायला हवी. पिस्टन गेलेला असला तरी मॅनिफोल्ड आणि सील तपासता येतात, आणि जुना पिस्टन कशाने गेला हे तेव्हाच कळतं. 1 नंबरच्या बाबतीत हे केलं असतं तर संच एकच लागला असता.

4 नंबरचा शाबूत 45 मिमीचा सिलिंडर पडून राहिला. तो आणि 45 चा पिस्टन 1 नंबरच्या केसवर बसवता आला असता का, याची चाचपणी झालीच नाही. नवीन संच मागवण्याची घाई नडली. दुसऱ्या संचाच्या वेळीही तोच रस्ता धरला गेला. सिलिंडर तेल लावून, नंबर टाकून गॅरेजच्या फळीवर ठेवला आहे. 2 नंबरचा ऑइल पंपही पुढच्या हंगामाआधी उघडावा लागेल: बारवर ऑइल येतं, पण कमी. वर्तमानपत्रावर बारचं टोक धरून रेस केल्यावर ऑइलची स्पष्ट रेघ उमटायला हवी, इथे नुसते ठिपके पडतात. पंप फिरवणारा गिअर झिजला असावा. 3 नंबरचा तोच भाग चांगला आहे, तो काढून वेगळा ठेवला आहे.